तिजोरीत फाइल गेली, तारीख का बदलली?

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, तेव्हाचे फोटो आणि हळदीच्या हिशोबपट्ट्यांचे स्कॅन मी व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केलेल्या फाइलमध्ये, कॉपी केले. आता प्रत्येक फाइलवर आजची तारीख दिसते. पुरावा गेला का?
– हळद व्यापारी, सांगली

उत्तर : नाही, आणि एन्क्रिप्शनचाही यात दोष नाही. एखाद्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘क्रिएटेड’समोर आजची तारीख असेल, पण ‘मॉडिफाइड’समोर २०१९ चीच. ‘क्रिएटेड’ म्हणजे फोटो काढला ती वेळ नव्हे, ती प्रत त्या डिस्कवर आली ती वेळ. विंडोजमध्ये साधं कॉपी-पेस्ट केलं की ती नव्याने पडते. फोल्डरची तर ‘मॉडिफाइड’ तारीखही बदलते. कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली ‘डेट टेकन’ मात्र तशीच राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीत ती बहुधा नसते, म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फाइलच जपा.

मूळ फाइली अजून हातात असतील तर कंटेनर रिकामा करून पुन्हा भरा. वरूनच पुन्हा कॉपी चालवून भागत नाही, कारण आकार आणि ‘मॉडिफाइड’ वेळ जुळली की रोबोकॉपी ही विंडोजमधली कॉपी करण्याची कमांड ती फाइल सोडून देते. कंटेनर एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली नोंदण्याच्या पद्धतीत) फॉरमॅट केलेला हवा. फॅट या दुसऱ्या पद्धतीत ‘मॉडिफाइड’ वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते, शिवाय ४ जीबीची फाइल मावत नाही.

कंटेनर माउंट करा, म्हणजे पासवर्ड टाकून ड्राइव्हसारखा उघडा, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप करा : रोबोकॉपी, मूळ फोल्डरचा पत्ता, माउंट झालेल्या ड्राइव्हवरचा नवा फोल्डर, मग स्लॅश ई, स्लॅश कॉपी कोलन डीएटी, स्लॅश डीकॉपी कोलन डीएटी. शेवटच्या दोन्हींतला ‘टी’ म्हणजे तारीख-वेळ, आधी फाइलींची, मग फोल्डरांची. नावात मोकळी जागा असेल तर पत्ता अवतरणचिन्हांत घाला, पण शेवटी उलटा स्लॅश ठेवू नका. तो पुढचं अवतरणचिन्ह गिळतो आणि सगळी कमांड बिघडते. पहिल्यांदा शेवटी स्लॅश एल जोडून चालवा : काय कॉपी होईल याची नुसती यादी दिसेल. स्लॅश मूव्ह वापरू नका, ती मूळ फाइली काढून टाकते. दहाबारा फाइलींच्या तारखा ताडून पाहिल्यावर, आणि दुसरी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवल्यावरच मूळ पुसा.

प्रश्न : कंटेनरमध्ये रोज नवी बिलं ठेवते, पण बॅकअपमध्ये जुनाच कंटेनर राहतो. असं का?
– वाचक, कराड

उत्तर : आतलं काहीही बदललं तरी व्हेराक्रिप्ट कंटेनरच्या फाइलची बाहेरची तारीख मुद्दाम जुनीच ठेवतं. आकारही ठरलेला असतो. त्यामुळे तारीख आणि आकार पाहणाऱ्या बॅकअपला बदल कळतच नाही. सेटिंग्जमधल्या प्रेफरन्सेसमध्ये कंटेनरची ‘मॉडिफिकेशन टाइमस्टॅम्प’ जपण्याच्या पर्यायावरची खूण काढा. बॅकअप घेण्याआधी कंटेनर डिसमाउंट (बंद) करायला विसरू नका.