पट्टे उभे की आडवे, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावच्या दुकानातून 'मिक्स सिक्लिड' (सिक्लिड म्हणजे माशांचं एक मोठं कुळ) म्हणून सहा मासे आणून तीन फुटी टाकीत सोडले. काळ्या पट्ट्यांच्या दोघांनी बाकीच्यांना फिल्टरमागे कोंडलंय, एकाची शेपटी कुरतडलीय. मासा कोणता, आणि हळूहळू सवय होईल का?

सवय होणार नाही, भाऊ. पण घाईत काही करण्याआधी पट्टे नीट बघा, कारण दोन शक्यता आहेत आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

पट्टे पाठीवरून पोटाकडे उतरत असतील, आठ-नऊ असतील आणि अंग राखाडी असेल तर तो कॉन्व्हिक्ट, मूळचा मध्य अमेरिकेतला. दोघांपैकी जो लहान आणि ज्याच्या पोटावर केशरी खवले, ती मादी (यांच्यात नटलेली मादी असते). दोघं मिळून तोंडाने खडी उपसून खड्डा करत असतील तर जोडी जमली समजा. कुंडीच्या किंवा दगडाच्या आतल्या बाजूला अंडी घालतात, तीनेक दिवसांत फुटतात, आणि मग पिल्लांपायी नर-मादी दोघंही जो जवळ येईल त्याच्या अंगावर धावतात. तीन फुटांत त्यांना अख्खी टाकीच आपली वाटते. उपाय: जोडी एकटी ठेवा, नाहीतर दोघांपैकी एक काढा. मधे भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पाटी लावता येते, पण ती तळापर्यंत घट्ट बसवा. हे मासे वाळू उकरून खालून पलीकडे जातात. दगडही वाळूवर ठेवू नका, आधी काचेवर दगड आणि मग वाळू. उकरून दगड कलंडला की तळ तडकतो.

पट्टे तोंडापासून शेपटीकडे गेलेले आणि अंग पिवळं असेल तर ऑरेटस, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा. पिवळी पिल्लं खपतात, म्हणून मिक्समध्ये हमखास सापडतात. नर मोठा होऊन गडद, जवळजवळ काळा पडतो; तो आजार नव्हे, तीच खरी धोक्याची खूण. याच्यावर उतारा गर्दीचा: एक नर, पाच-सहा माद्या, वरपर्यंत दगडांची रास, म्हणजे मार एकाच्याच वाट्याला येत नाही. पण गर्दीला किमान चार फुटी टाकी आणि दणकट फिल्टर लागतो. ३ × १ × १.५ फुटी टाकीचा हिशेब १२७ लिटर, दगड-वाळू जाऊन उरतं ११० च्या आसपास. त्यात ऑरेटस नको, दुकानदाराला परत करा. मेहरूण तलावात किंवा वाघूर धरणात मात्र सोडू नका.

तिसरी गंमत: फ्लॉवरहॉर्न आणि तिलापिया यांच्या पिल्लांनाही उभे पट्टे असतात. तिलापियाच्या पिल्लाच्या पाठीच्या परावर मागच्या बाजूला एक काळा ठिपका दिसतो. मासा सिक्लिडच आहे का अशी शंका असेल तर नाक बघा: बहुतेक माशांना एका बाजूला दोन नाकपुड्या, सिक्लिडला एकच.

शेपटी कुरतडलेला आजच वेगळा काढा. २० लिटरचा टब, स्पंज फिल्टर, टाकीतलंच पाणी आणि लिटरला २ ग्रॅम खडे मीठ. रोज पाव पाणी बदला आणि जेवढं बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ घाला.

आणि उन्हाळा. पाणी तापलं की प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांचा चिडखोरपणा वाढतो, मे महिन्यात मारामाऱ्या उगाच होत नाहीत. एक लिटरची गोठवलेली बाटली ११० लिटर पाणी जेमतेम एक अंशाने उतरवते, त्यापेक्षा झाकण काढून, वर जाळी टाकून पाण्यावर छोटा पंखा लावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो चांगला काम करतो. फक्त उडालेल्या पाण्याच्या जागी नुसती भर घालत राहू नका. बोअरचं पाणी आधीच जड, क्षार साठत जातात. आठवड्याला पाव पाणी काढून बदला. नळाचं असेल तर आधी त्यातला क्लोरीन घालवा.

फोटो टाकाल तो बाजूने काढा, फ्लॅश बंद ठेवून, दिवा लावल्यावर अर्ध्या तासाने. घाबरलेल्या माशाचे पट्टे फिके किंवा भलतेच गडद होतात, त्यावरून मीही चुकेन.