जुना कोड बदलणं हलकं काम नव्हे

नमस्कार,

मुलाचे दहावीपासूनचे सगळे मार्क तुम्ही कळवलेत, पण त्याला स्वतःला काय हवंय, याची पत्रात एक ओळही नाही. माझी काळजी तिथेच सुरू झाली. इंजिनिअर झालेला मुलगा पुण्यात नोकरीला आहे, एका बँकेच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये थोडे थोडे बदल करतो. तुम्ही मात्र दर रविवारी फोनवर त्याला म्हणता, ‘ही डागडुजी सोड, राजीनामा दे, एआयचा कोर्स कर नाहीतर एमटेकसाठी गेट परीक्षेला बस.’ हल्ली तो फोन उचलत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. स्पष्ट बोलतो, मीही उचलला नसता. कमावत्या मुलाच्या डोक्यावर रोज शेजारच्या मुलाचं पॅकेज आपटू नका.

गेट नोकरी सांभाळूनही देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. त्यासाठी राजीनामा कशाला?

आता ‘डागडुजी’बद्दल. समजा, ग्राहकाच्या नोंदीत मोबाइल नंबरचा एकच रकाना आहे आणि आता दोन-तीन नंबर ठेवायचेत. त्यासाठी बँक बंद ठेवता येत नाही. आधी नवं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, जोडायचं, जुन्याला धक्का न लावता. मग प्रत्येक नवी नोंद दोन्हीकडे लिहायची, जुना डेटा नव्यात भरायचा, दोन्ही ताडून पाहायचे, वाचणारा कोड नव्याकडे वळवायचा आणि सगळ्यात शेवटी जुना रकाना काढायचा. दरम्यान सॉफ्टवेअर एकदाही अडता कामा नये. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, तर नियमच आहे, बदलांच्या मालिकेतल्या प्रत्येक पॅचनंतर, म्हणजे प्रत्येक छोट्या बदलानंतर, कर्नल कोडपासून तयार (बिल्ड) होऊन नीट चालला पाहिजे. कारण पुढे बग निघाला की, बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ची ‘बायसेक्ट’ ही आज्ञा दरवेळी निम्मे बदल बाद करत जाते आणि हजार कमिटमधला, म्हणजे नोंदवलेल्या बदलांमधला, दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत सापडतो, पण मधले कमिट चालत असतील तरच. उलट नेटस्केप या ब्राउझर कंपनीने १९९८मध्ये जुना कोड बाजूला सारून नव्याने लिहायला घेतला. पुढची मोठी आवृत्ती यायला नोव्हेंबर २००० उजाडला, तोवर बाजार मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउझरकडे गेला होता. चालतं सॉफ्टवेअर न थांबवता बदलणारी माणसं म्हणूनच मोलाची असतात.

मुलाने मात्र स्वतःच्या टीमकडे डोळसपणे पाहावं. बदलाआधी कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहायला वेळ मिळतो का? त्याचा कोड कुणी अनुभवी माणूस वाचतो का? बिघडलं तर मागची आवृत्ती लगेच परत आणता येते का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याने खुशाल दुसरी नोकरी शोधावी, अशाच कामाची. पण ते त्याने ठरवायचं. काही विचारायचं असेल तर पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या.