लासा ताप, आफ्रिकेतला उंदीर आणि आपला माळा

प्रश्न : माझा मुलगा नायजेरियात एका बांधकाम कंपनीत नोकरीला आहे. तेथे लासा ताप नावाचा उंदरांपासून होणारा आजार असल्याचे तो सांगतो. आमच्या जुन्या कौलारू घराच्या माळ्यावरही उंदरांचा सुळसुळाट आहे. हा ताप नेमका पसरतो कसा, आणि मुलगा मे महिन्यात सुटीवर आला म्हणजे आम्ही काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : माळ्यावरच्या उंदरांचे आधी सांगतो. लासाचा विषाणू वाटेल त्या उंदराच्या अंगात वस्ती करत नाही. त्याचा मुख्य आश्रयदाता असलेला मास्टोमिस जातीचा उंदीर आफ्रिकेतला असून तो आपल्याकडे नाही. त्यामुळे फोंड्यातील उंदरांपासून लासा होण्याची भीती बाळगू नये. त्यांच्या मूत्रामुळे पावसाळ्यात होणारा लेप्टो हा जिवाणूंचा, म्हणजे सर्वस्वी निराळा, आजार आहे. त्याची धास्ती मात्र अवश्य बाळगावी.

लासा हे ईशान्य नायजेरियातील एका गावाचे नाव. तेथे काम करणारी एक मिशनरी परिचारिका 1969 साली आजारी पडून दगावली आणि त्या वेळी हा विषाणू प्रथम ओळखला गेला. नायजेरिया, सिएरा लिओन, लायबेरिया आणि गिनी या देशांत तो आज ठाण मांडून आहे. मास्टोमिस उंदीर विषाणू अंगात घेऊन हिंडतो, पण स्वतः आजारी पडत नाही. मूत्रातून आणि लेंड्यांतून मात्र तो विषाणू दीर्घकाळ बाहेर टाकत राहतो. माणसाला लागण व्हायला त्याने चावण्याची गरज नसते. रात्री तो धान्यावरून, भांड्यांवरून फिरून गेला, एवढे पुरते. पश्चिम आफ्रिकेत कसाव्याच्या कंदापासून केलेली गारी हे रोजचे अन्न आहे आणि तिच्यासाठीचा माल पुष्कळदा उघड्यावर वाळत घालतात. आपल्याकडे मे महिन्यात अंगणात वाळणारी कोकमाची सोले डोळ्यांसमोर आणावीत. तयार गारी अनेक जण थंड पाण्यात भिजवून तशीच खातात. साठवणीत तिला उंदीर लागला असेल, तर विषाणू मारायला पुढे चूल आडवी येत नाही.

याशिवाय लेंड्या पडलेली जमीन कोरड्या झाडूने झाडली की उडालेल्या धुळीबरोबर विषाणू श्वासात जाऊ शकतो. काही भागांत उंदीर पकडून खातात. नीट शिजलेल्या मांसात विषाणू टिकत नाही. धोका असतो तो उंदीर सोलणाऱ्या हातांना, विशेषतः त्यांवर जखम किंवा ओरखडा असल्यास. रुग्णांची संख्या साधारणपणे डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत वाढते, कारण पिके निघून शेते रिकामी झाली, रानातले गवत पेटवले गेले, की उंदीर घरांकडे वळतात आणि पोती तर बिछान्याशेजारीच रचलेली असतात. हा आजार जितका उंदरांचा, तितकाच धान्य साठवण्याच्या जागेचा आहे, असे माझे मत आहे. बोलिव्हियातील सान होआकिन गावात 1960च्या दशकात याच कुळातल्या दुसऱ्या विषाणूची साथ आली होती. तीही घराघरांत सापळे लावून उंदीर पकडल्यावरच आटोक्यात आली.

माणसाकडून माणसाला लागण होते, पण ती रुग्णाचे रक्त, लघवी, वांती अशा स्रावांच्या थेट संपर्कातून. म्हणून हातमोजे आणि स्वच्छ सुया यांची वानवा असलेल्या रुग्णालयांत परिचारिका व डॉक्टरही बळी पडले आहेत. धडधाकट मुलाच्या पंगतीला बसल्याने काही होत नाही. त्याला वेगळे ताट-पाट मांडू नये.

लागण झाल्यावर लक्षणे 21 दिवसांपर्यंत दिसू शकतात. तेवढ्या मुदतीत मुलाला ताप आला, तर तो कोठून आला आहे हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. सुरुवातीचा ताप, डोकेदुखी, घसा दुखणे यांवरून लासा ओळखता येत नाही, आणि तिकडून आलेल्या माणसाच्या बाबतीत मलेरियाचीच शक्यता अधिक असते. तेव्हा मलेरियाची तपासणी टाळू नये. लागण झालेल्यांपैकी सुमारे 80 टक्के लोकांना काहीच होत नाही किंवा किरकोळ त्रास होतो. रक्तस्राव थोड्यांनाच होतो. मात्र बऱ्या झालेल्या काहींना कायमचे बहिरेपण येते आणि गरोदर स्त्रियांना मोठा धोका असतो. रिबाव्हिरिन हे औषध लवकर सुरू करतात. सर्वसामान्य वापरासाठी लस अद्याप नाही. मुलाला एवढे कळवावे की धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे, उघड्यावरचे खाऊ नये आणि लेंड्या दिसल्यास त्या ब्लीचच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसून काढाव्यात.

प्रश्न : आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात येणारा माकडताप हा याच जातीचा आजार आहे का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : तोही विषाणूजन्य रक्तस्रावी ताप आहे, परंतु त्याचा वाहक गोचीड आहे. हा आजार 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळला आणि 2015पासून सत्तरीत त्याचे रुग्ण दिसू लागले. रानातले उंदीर आणि चिचुंद्र्या त्या गोचिडांना पोसतात. हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. काजूच्या हंगामात बागायतीत जाताना अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर आंघोळ करून काखा, मांड्या तपासाव्यात आणि मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.