नळीतून एकदम दूध की पंपानं थेंब थेंब?

ताई, तुम्ही विचारलंय की तुमच्या ३१ आठवड्यांतच जन्मलेल्या, १३०० ग्रॅमच्या बाळाला दर दोन तासांनी नळीतून एकदम दूध सोडतात आणि शेजारच्या बाळाला पंपानं सारखं चालू असतं, तर आतड्याच्या रक्तपुरवठ्याला कुठलं बरं. मी इथे बेळगावात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नऊ वर्षं स्टाफ नर्स होते म्हणून सांगते.

पोटात दूध पडलं की आतड्याकडं रक्त जास्त धावतं, आपलंही जेवल्यावर तसंच होतं की. डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी, लावून आतड्याच्या मुख्य धमनीत बघितलं तर एकदम दिलेल्या दुधानंतर रक्ताचा वेग वाढतो आणि पुढचं फीड येईपर्यंत पुन्हा उतरतो, पंपावर तो जवळपास एकसारखा राहतो. मग पंपच बरा असं वाटेल, पण तेवढ्यानं आतड्याचा तो वाईट आजार, आम्ही एनईसी म्हणतो, तो कमी होतो असं काही सिद्ध झालेलं नाही. उलट पंपावर दुधातली साय नळीला आणि सिरिंजला चिकटून राहते, म्हणून आम्ही सिरिंज तोंड वर करून लावायचो, नाहीतर बाळाला नुसतं पाणचट जातं.

आणि एकदम म्हणजे किती हो? सुरुवातीला किलोमागं दिवसाला २० मिली धरलं तर तुमच्या बाळाला एका वेळी जेमतेम २ मिली! सिरिंजचा दांडा काढून ती बाळापेक्षा थोडी वर धरायची, दूध आपोआप उतरतं, दाबून ढकलायचं नाही.

गरोदरपणात नाळेतला रक्तप्रवाह बिघडला होता का तेवढं डॉक्टरांना विचारा, अशा बाळांना आम्ही जरा जास्तच जपून सुरू करायचो.

खरा फरक आईच्या दुधानं पडतो. एनईसीचा धोका पावडरच्या दुधापेक्षा त्यानं कमी होतो. एक बाबा रोज खानापूरहून स्टीलच्या डब्यात बर्फावर दूध घेऊन यायचे, कधी चारच चमचे असायचे, तरी आम्ही थेंब वाया घालवायचो नाही. तुम्हीपण दिवसातून आठेक वेळा काढा, रात्रीचं चुकवू नका, आणि आज्जींना सांगा की मध नको, गुटी नको.

पोट टम्म, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, यातलं काही दिसलं तर पद्धत कुठली ते सोडा, लगेच सिस्टरला हाक मारा.