ॲव्हरेज गेलं कुठं?

प्रश्न : माझी २०१३ची पेट्रोल गाडी आहे. पूर्वी साडेसतरा द्यायची, आता पंधरावर आली. पंपावरचा पोरगा म्हणतो, "इथेनॉल, साहेब." मी स्वतः कारखान्याला ऊस घालतो. म्हणजे माझ्याच उसानं माझी गाडी बसवली म्हणायची का? घाटातही दम कमी वाटतो. — एक ऊस उत्पादक वाचक, वाळवा

उत्तर : चोर तुम्ही बरोबर पकडलाय, पण त्यानं एवढी चोरी केलेली नाही.

लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये शंभरात वीस भाग इथेनॉल असतं, म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या मानानं साडेसहा-सात टक्के दम कमी. पण निव्वळ पेट्रोल आपल्याला तेव्हा तरी कुठं मिळत होतं? २०१९ च्या सुमाराला पाच टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असायचंच. म्हणजे खरी घट पाचेक टक्के. माझ्या २०१२च्या गाडीच्या कप्प्यात एक वही असते. कराड-पुणे, टाकी फुल टू फुल : २०१९ ला १८.२, परवाच्या फेरीला १७.२. महिन्याला हजार किलोमीटर फिरलं तर तीन लिटर पेट्रोल जास्त.

तुमची घट चौदा टक्के आहे. साडेसतराचे साडेसोळा झाले तर इथेनॉलचं बिल भरलं. उरलेला दीड किलोमीटर कुणी खाल्ला?

गेल्या महिन्यात माझ्याकडं अशीच एक गाडी आली. मालक रागावलेले, सगळं खापर सरकारवर. जॅक लावून मागचं डावं चाक हातानं फिरवलं, तर अर्ध्या फेरीत अडकलं. हँडब्रेकची केबल गंजून आवळलेली, ड्रमला बोट लावलं तर चटका बसला. टायरमध्ये हवा बत्तीसच्या जागी बावीस. एवढंच दुरुस्त करून गाडी दिली. तेव्हा तुम्हीही आधी चाकं फिरवून बघा, एअर फिल्टर झटका, प्लग काढून बघा. आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जाऊ नका, वही घाला.

घाटाचं म्हणाल, तर इथेनॉलनं उलट ऑक्टेन, म्हणजे दाब सोसायची पेट्रोलची ताकद, वाढतं. पूर्वी ९१चं पेट्रोल मिळायचं, आता ९५ च्या आसपास. इंजिन नॉक, म्हणजे आतून ठकठक, कमी मारतं. पण हा फायदा उचलायला इंजिनात कम्प्रेशन (दाब) जास्त लागतं, ठिणगीचं टायमिंग पुढं घ्यावं लागतं. खास याच पेट्रोलसाठी जुळवलेल्या नव्या गाड्यांत ती सोय असते, तुमच्या-माझ्या गाडीत नाही. आपल्या गाडीचा सेन्सर फक्त एवढंच ओळखतो, की मिश्रण पातळ पडलं, आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. स्कॅनर लावला की ते दिसतं : माझ्या गाडीत ट्रिम, म्हणजे पेट्रोल किती टक्के जास्त सोडलं जातंय तो आकडा, अधिक सहावर आहे. खंबाटकीला तिसऱ्या गियरमध्ये मला तरी काही फरक जाणवला नाही. तुम्हाला जाणवत असेल तर क्लच बघा.

खरी काळजी रबराची. जुन्या होस (पेट्रोलच्या रबरी नळ्या) आणि सील इथेनॉलनं फुगतात, चिरतात. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी होस बदला, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

उसाबद्दल : आता मका आणि तुटका तांदूळही भट्टीत जातो, सगळा दोष स्वतःकडं घेऊ नका. माझी तक्रार वेगळी आहे. निती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच लिहिलं होतं, की जुन्या गाड्यांचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी पडेल, म्हणून हे पेट्रोल स्वस्त द्यावं आणि दहा टक्केवालंही पंपावर ठेवावं. पहिली गोष्ट खरी ठरली. बाकीच्या दोन मला अजून पंपावर दिसल्या नाहीत.

प्रश्न : मुलगा मुंबईला असतो, त्याची स्कूटर चिपळूणला पावसाळाभर उभी असते. गणपतीत चालू होत नाही. बॅटरी नवी आहे. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : टाकीच्या झाकणाचं रबर बघा, ताई. ते चिरलं असेल तर पाणी आत जातं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून तळाला बसतात. पेट्रोल उचललं जातं तेही तळातूनच. टाकीतलं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा, अर्धा तास ठेवा. मधे रेघ दिसली तर ते फेकावंच लागेल. (स्वयंपाकघरात हा प्रयोग नको!) पुढच्या वर्षी टाकी काठोकाठ भरून ठेवा, आणि शेजाऱ्याला पंधरा दिवसांनी एक चक्कर मारायला सांगा.

प्रश्न : इथेनॉलचा त्रास घालवणारी औषधाची बाटली मिळते. टाकावी का? — एक वाचक, सांगली

उत्तर : गेलेली ऊर्जा बाटलीतून परत येत नाही. त्याच पैशात फ्युएल फिल्टर बदला.