पोच घेतल्याशिवाय हलू नकोस

प्रिय डॉक्टर,

सीनियरच्या रॅगिंगबद्दलचा तुझा रात्री तीनचा मेसेज सकाळी वाचला. "मॅडम, हे सगळ्यांनीच सोसलंय ना? मग मीच का बोलायचं?" बोलायचं की नाही यावर मी काही सांगणार नाही. ते तुझं ठरलेलं आहे, नाहीतर ड्यूटीवरून उठून पॅथॉलॉजीच्या निवृत्त मास्तरणीला कोण लिहितं? मला त्यापुढचं सांगायचंय, आणि ते एकच आहे. लेखी दे आणि पोच घे.

तू एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, भेटून आलास. लेक्चररच्या कानावर घातलंस. मार्डच्या, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, पोरांना सांगून ठेवलंस. अरे, यातलं कागदावर काय आहे? सरांनी चहा पाजला, 'बघतो मी' म्हणाले. उद्या हेच सर सांगतील, मुलगा आला होता, थकलोय म्हणत होता. मुद्दाम खोटं बोलतील असंही नाही, त्यांना तसंच आठवेल.

2019 मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण (पीजी) घेणाऱ्या डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली, सीनियरांवर छळाचा आरोप झाला, तेव्हाच्या बातम्या आठव. घरचे म्हणत होते, आम्ही आधीच तक्रार केली होती. प्रशासन म्हणत होतं, आमच्याकडे तक्रार आलीच नाही. मी तेव्हा रात्रभर जागी होते. तिच्या आईच्या हातात एक शिक्का मारलेली प्रत असती तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा 1999 चा आहे. संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रमुखाने हयगय केली तर त्यानेच रॅगिंगला साथ दिली असं कायदा मानतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2021 चे नियम तर खास मेडिकल कॉलेजांसाठीच आहेत, त्यामुळे 'पीजीत कसलं रॅगिंग' हे कुणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नकोस. पण ते सात दिवस मोजायचे कुठून? लेखी तक्रार मिळाल्यापासून. म्हणजे ऑफिसने अर्जावर टाकलेल्या आवक क्रमांकाखालच्या तारखेपासून. शिक्का नाही तर पहिला दिवसच उजाडत नाही.

आता तुझा मसुदा. "मला सतत अपमानास्पद वागणूक दिली जाते" हे वाक्य आधी काढून टाक. यावर कोणी काय चौकशी करणार? असं लिही: अमुक तारखेला, रात्री 2.40 वाजता, पुरुष शल्य वॉर्डात ड्रेसिंग ट्रॉलीपाशी, डिस्चार्ज कार्डावर एक तपासणी लिहायची राहिली म्हणून अमुक सीनियरने केसपेपरची फाईल तोंडावर फेकली, हे शब्द वापरले (शब्द जसेच्या तसे, लाजायचं नाही), तिथे नाइटच्या सिस्टर हजर होत्या. एका प्रसंगाला एक परिच्छेद. आणि शेवटी 'कडक कारवाई व्हावी' असलं मोघम काही नको. काय हवंय ते माग: चौकशी संपेपर्यंत ड्यूटीच्या यादीत तो माणूस तुझ्यावर नको, युनिट बदलायचं तर त्याचं बदला, तुझ्या लॉगबुकच्या सह्या अडता कामा नयेत.

ड्यूटीचे तास यात कोंबू नकोस. आठवड्याची सुटी आणि वर्षाला 20 किरकोळ रजा 2023 च्या पीजी नियमांत आहेत, त्याचा अर्ज वेगळा. आणि तुझ्या बॅचच्या मुलीबद्दल तू जे ओझरतं लिहिलंस ते लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचं काम आहे. तिथे तक्रार द्यायला साधारण तीन महिन्यांची मुदत असते, हे तिला आजच सांग. ठरवायचं तिने, तू नव्हे.

डीन ऑफिसात क्लार्क म्हणेल, "साहेब मीटिंगला आहेत, ठेवून जा." ठेवून जायचं नाही! दुसरी प्रत पुढे करायची. गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख, घेणाऱ्याची सही. नाहीच म्हणाला तर स्पीड पोस्टाने पाठव आणि तोच मजकूर ईमेलही कर. 1800-180-5522 या रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवर केव्हाही फोन लागतो, तिथलाही तक्रार क्रमांक लिहून ठेव. तीही पोचच.

आम्ही कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीवर होतो तेव्हा पोरं मला 'शिक्का मॅडम' म्हणायची. म्हणू देत. एकदा एक मुलगा आला, दंडावर वळ दिसत होते. नाव सांगेना, तारीख सांगेना, लिहून तर मुळीच देईना. पुढच्या बैठकीला वडिलांना घेऊन आला आणि म्हणाला, काही झालंच नव्हतं, मीच पडलो. 'तथ्य आढळले नाही' या ओळीखाली माझीही सही आहे. मग काय करायला हवं होतं मी? वळांवर अहवाल लिहिता येत नाही. त्याने पुढे सीट सोडली, सीट सोडल्याचा दंड बापाने भरला. तेव्हाच्या सहकारी मला अजून ऐकवतात. मी त्यांना विचारते, तुमच्या कळवळ्याचा आवक क्रमांक किती होता? हे तुला कशाला सांगत बसले कोण जाणे, पण खोडत नाही आता.

परीक्षेत सूड उगवतील ही तुझी भीती खोटी नाही. म्हणूनच म्हणते, ज्याच्या नावावर तारखेची तक्रार आहे त्याला नापास करताना परीक्षकालाही जपून राहावं लागतं. तोंडी कुजबुजणाऱ्याच्या बाबतीत तेवढंही नाही.

मसुदा आधी मला पाठव, विशेषणं मी खोडीन. तारखा मात्र आजच्या ड्यूटीआधी उतरव. आणि काहीतरी खाऊन जा, वॉर्डातल्या चहावर जगू नकोस.

तुझी,
मॅडम

ता. क. रागाच्या भरात त्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडू नकोस. आधी चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल कर. 'डिलीट फॉर एव्हरीवन' सीनियरांनाही येतं.