पोराला चौथीच्या आधी आणा

भाऊ, तुमचे प्रश्न सावकाश वाचले. तुम्ही इलेक्ट्रिशियन, जर्मनचा वर्ग चालू आहे, पुढच्या वर्षी इकडे जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात यायचं जवळजवळ नक्की झालंय. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला, मुलगी अंगणवाडीत. आधी एकट्याने यायचं, जम बसला की दोन-तीन वर्षांनी बायको-मुलांना आणायचं, आणि तोवर मुलाला कुडाळला इंग्रजी माध्यमात घालायचं, असा तुमचा बेत. इथल्या सरकारी शाळा कशा, हेही विचारलंत. आणि शेवटी लिहिलंत, "तिकडे शिक्षणाचं सगळं सरकार बघतं, आपल्याला टेन्शन नाही." मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या शेवटच्या वाक्यावर.

मी वेंगुर्ल्याकडची. नर्स म्हणून स्टुटगार्टजवळ आले आणि दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळेत घातली. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने या राज्याशी १०,००० कुशल माणसं पाठवायचा करार केला, तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर आपल्या सावंतवाडीचेच. तेव्हापासून सिंधुदुर्गातून अशी विचारणा बरीच येते. व्हिसा, पगार, भाडं सगळे विचारतात. मुलांच्या शाळेचं विचारणारे कमी. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं.

शाळा मोफत आहे, हे खरं. फी नाही, डोनेशन नाही, पुस्तकंसुद्धा शाळा वर्षभर वापरायला देते आणि वर्षाअखेर परत घेते. शाळा सक्तीची आहे, इतकी की घरी बसवून शिकवायची परवानगीच नाही. शिक्षण हा विषय इथे केंद्राकडे नाही, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. म्हणून बर्लिनला असलेल्या मित्राने सांगितलेलं तुम्हाला लागू पडेलच असं धरू नका. तिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, इथे बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये चौथीपर्यंत. तिथे बालवाडीला पैसे पडत नाहीत, इथे पडतात.

आता चौथीचं. इथे चौथीनंतर, म्हणजे मूल दहा वर्षांचं असताना, वाटा फुटतात. गिम्नाझियुम ही विद्यापीठाकडे थेट नेणारी शाळा. रेआलशूल मधली, दहावीपर्यंतची. वेर्करेआलशूल त्याहून जास्त हातच्या कामाकडे नेणारी. आणि २०१२ पासून सगळ्या मुलांना एकत्र ठेवणारी गेमाइनशाफ्ट्सशूल. चौथीचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. नोव्हेंबरात जर्मन आणि गणिताची राज्यभर एकच चाचणी होते, तिचं नाव कोम्पास ४, आणि अर्ध्या वर्षाच्या निकालाबरोबर, मुलाने यातल्या कुठल्या वाटेने जावं याची शाळेची शिफारस हातात पडते. पूर्वी ही शिफारस बंधनकारक होती. २०१२ साली ते बंधन काढलं आणि पालकांच्या इच्छेवर सोडलं. आता पुन्हा गाठ आवळली आहे : गिम्नाझियुमला घालायचं तर तुमच्या इच्छेबरोबर शिक्षकांचं मत किंवा चाचणीचा निकाल, दोहोंपैकी एक तरी अनुकूल हवं. दोन्ही नसेल तर मुलाला आणखी एक वेगळी चाचणी द्यावी लागते.

तुमच्या बेतात हे बसवून बघा. तुम्ही दोन-तीन वर्षांनी मुलाला आणलंत तर तो पाचवी-सहावीच्या वयाचा असेल. वाटा फुटून गेलेल्या, आणि त्याला जर्मनचं अक्षर येत नाही. अशा मुलांसाठी इथे तयारी वर्ग असतात, चांगले असतात, पण बहुधा ते वेर्करेआलशूलला किंवा गेमाइनशाफ्ट्सशूलला जोडलेले. तिथून वर चढता येतं. दहावीनंतर तांत्रिक किंवा व्यापारी गिम्नाझियुमला जाऊन विद्यापीठ गाठणारी मुलं या राज्यात भरपूर आहेत, आणि कारखान्यात पगार घेत तीन वर्षं शिकून कारागीर होणं ही इथे मानाची वाट आहे, हे तुम्ही इलेक्ट्रिशियन म्हणून लवकरच बघाल. त्यामुळे आभाळ कोसळत नाही. पण मुलाला निवड मिळायला हवी असेल तर त्याला लवकर आणा, शक्य तर तुमच्या मागोमाग वर्षाच्या आत. शाळा म्हणाली की त्याला पुन्हा तिसरीत बसवू, तर आनंदाने हो म्हणा. आपल्याकडे वर्ष मागे राहिलं की शेजारपाजारचे विचारतात. इथे कोणी विचारत नाही, आणि ते एक वर्ष त्याला भाषेसाठी लाखमोलाचं आहे.

मग टेन्शन नाही या वाक्याकडे येते. इथलं सरकार शाळा देतं, शिक्षक देतं. पण मुलाच्या मागे घरून कोणीतरी उभं आहे हे ही व्यवस्था गृहीत धरून चालते, आणि जिथे कोणी उभं नसतं तिथे मूल मागे पडतं. हे माझं मत नाही, जर्मनीने स्वतः मोजलेलं आहे. पिसा नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा पहिला निकाल डिसेंबर २००१ मध्ये लागला आणि देश हादरला. वाचन, गणित, विज्ञान, तिन्हीत सरासरीच्या खाली. आणि आईबापांचं शिक्षण, घरची परिस्थिती यांचा मुलाच्या गुणांवरचा परिणाम इतर बहुतेक देशांपेक्षा जास्त. त्यानंतर देशभर समान अपेक्षा ठरवल्या, दिवसभराच्या शाळांवर पैसा ओतला. काही वर्षं सुधारलंही. २०२२ च्या फेरीत मात्र जर्मनीचे गुण तोवरचे सर्वांत कमी आले. आता २०२४ पासून दहा वर्षांसाठी २० अब्ज युरोंचा कार्यक्रम चालू आहे, गरीब आणि स्थलांतरित वस्तीतल्या सुमारे ४,००० शाळांसाठी.

या सुधारणांत पालक नुसते बघे नसतात. आपल्याच राज्यात गिम्नाझियुम नऊ वर्षांवरून आठ वर्षांवर आणलं होतं; मुलांवर ताण येतो म्हणून पालकांनी सह्यांची मोहीम काढली, १,००,००० च्या वर सह्या जमवल्या, आणि २०२५-२६ पासून पाचवी-सहावीला पुन्हा नऊ वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. दुसरी बाजूही सांगते. २०१० साली हॅम्बुर्ग सरकारला प्राथमिक शाळा चौथीवरून सहावीपर्यंत वाढवायची होती, म्हणजे मुलं दोन वर्षं अधिक एकत्र शिकली असती. पालकांच्या एका गटाने विरोध केला, सार्वमत झालं आणि ती सुधारणा पडली. जो वर्ग बोलतो, लिहितो, सह्या गोळा करतो, त्याच्या मनासारखं होतं. आपल्यासारखे नवे आलेले लोक गप्प राहिले तर आपल्या मुलांचं म्हणणं शाळेच्या पालकसभेत कोणीच मांडत नाही.

ती सभा कशी असते ते सांगते. प्रत्येक सहामाहीला किमान एकदा, संध्याकाळी, मुलांच्याच वर्गात. मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर आईबाप गुडघे दुमडून बसलेले. बाई फळ्यावर वर्षभरात काय शिकवणार ते मांडतात, मग पालकांमधून दोन प्रतिनिधी निवडतात, हात वर करून. गृहपाठ जास्त होतोय का, सहलीला किती खर्च, मधल्या सुट्टीत कोण कोणाला मारतं, सगळं बोललं जातं. पहिल्या सभेत मला निम्मं कळलं नव्हतं. पण बाईंनी माझ्याकडे बघून हळू बोलायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीच्या वहीत माझ्यासाठी सोप्या जर्मनमध्ये चिठ्ठी येऊ लागली. आपण तिथे बसलो होतो, एवढ्यानेच हे झालं. अर्ध्या वर्षाने शिक्षक, पालक आणि मूल असं तिघांचं बोलणं असतं. त्यात बाईंनी आधी मुलीला विचारलं, तुला काय चांगलं जमतं? ती म्हणाली, गणित जमतं, पण शाब्दिक उदाहरण वाचून पूर्ण होईस्तोवर वेळ संपते. आम्हा दोघांना जे इतके महिने कळलं नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. त्यानंतर घरी रोज रात्री मोठ्याने वाचन, हाच एक उपाय आम्ही धरला.

म्हणून भाऊ, जर्मनचा अभ्यास नोकरीपुरता ठेवू नका आणि एकट्याने करू नका. वहिनींनीही आत्तापासून शिकायला हवं. तुम्ही पाळीवर असाल तेव्हा शाळेच्या सभेला त्याच जाणार, शाळेचा फोन त्याच घेणार. मूल सहा महिन्यांत आपल्यापेक्षा चांगलं बोलू लागतं आणि मग आईबाप त्यालाच दुभाषा करतात, डॉक्टरकडेही आणि शाळेतही. नऊ वर्षांच्या पोराने स्वतःच्या तक्रारीचं भाषांतर करून बापाला सांगायचं, हे त्याच्यावर ओझं आहे.

आता इंग्रजी माध्यम. माझं स्पष्ट उत्तर : नको. इथे ग्रुंडशूलमध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेत, सगळं जर्मनमध्ये. एका वर्षासाठी मराठी तोडून अर्धंकच्चं इंग्रजी आणि मग ते तोडून जर्मन, अशा तीन उड्या त्याला मारायला लावू नका. जे मूल एका भाषेत सरळ वाचतं, वाचलेलं सांगतं, ते दुसरी भाषा लवकर उचलतं. इथल्या शिक्षिकाही आम्हाला हेच सांगत आल्या, घरी तुमचीच भाषा बोला, पण भरपूर बोला. तेव्हा व्हॅनमध्ये दीड तास कोंबून कुडाळला पाठवण्यापेक्षा गावच्या शाळेत राहू दे. त्याला बालभारतीच्या पुस्तकाबाहेरचं वाचायला द्या. आजोबांना दशावताराच्या गोष्टी सांगायला बसवा आणि त्याच्याकडून त्या परत ऐका.

तुम्ही लिहिलंत की शाळेचा पट आता ११ वर आलाय, एकच शिक्षक आहेत, आणि जो तो मूल काढतोय. हे वाचून पोटात कालवलं. २०२३ साली वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचा विचार शासनाने मांडला, तेव्हापासून आपल्या डोंगरदऱ्यांतल्या वाड्यांवर ती टांगती तलवार आहे. कोकण बोर्ड दहावी-बारावीच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिलं येतं, पण ती मुलं ज्या वाडीवरच्या शाळेत अक्षर गिरवायला लागली तिच्याकडे कोण बघतं? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आपल्यालाही अधिकार दिलेला आहे : शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, आणि शाळेचा विकास आराखडा त्यांनीच करायचा. कागदावर हा अधिकार इथल्या पालकांपेक्षा कमी नाही. पण बऱ्याच ठिकाणी समितीचं रजिस्टर सहीपुरतं घरी फिरतं. सभा अशी होतच नाही.

आपल्या लोकांना हे जमत नाही असं मी मानत नाही. तालुक्या-तालुक्यातली जुनी हायस्कुलं बघा. मुंबईत गिरणीत, गोदीत राबणाऱ्या चाकरमान्यांनी मंडळं काढली, वर्गणी गोळा केली, चिरे वाहिले आणि शाळा उभ्या केल्या. त्यातले कितीतरी जण स्वतः चौथीच्या पुढे गेले नव्हते. तुमच्याकडे निघायला अजून महिने आहेत. या समितीच्या सभेला जा, वहिनींनाही न्या. सही करायच्या आधी विचारा की तिसरीतली कोणती मुलं वाचू शकत नाहीत आणि त्यांच्यासाठी शिक्षकांना आपल्याकडून काय हवं. उरलेल्या दहा मुलांचं भलं होईल. तुम्हालाही सभेत उभं राहून प्रश्न विचारायची सवय होईल, जी इथे पहिल्या महिन्यापासून लागणार आहे.

मुलीची चिंता कमी करा, तिला वेळ आहे. या राज्यात शाळेच्या आदल्या वर्षी मुलांची भाषा तपासतात आणि कच्ची असेल त्यांना आठवड्याला चार तास वेगळी शिकवणी, हे टप्प्याटप्प्याने सगळीकडे लागू होतंय. शिवाय ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना दिवसाला आठ तासांच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क मिळतोय, पुढे दर वर्षी एकेक इयत्ता वाढत जाईल. नाहीतर बऱ्याच प्राथमिक शाळा दुपारीच सुटतात आणि दोघं कामावर असली की पंचाईत होते.

गणेश चतुर्थीला गावी यायचं तर सुट्ट्यांचं कॅलेंडर आधी बघा. इथे उन्हाळी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती, सुट्टीत बसली. २०२६ ला १४ सप्टेंबरला आहे आणि नेमकी त्याच दिवशी शाळा उघडते. गणपतीसाठी म्हणून परस्पर दांडी मारू नका, दंड होऊ शकतो. शाळेला आधी लेखी विचारायचं, मिळाली रजा तर मिळाली.

कागदपत्रांत सगळे पासपोर्ट आणि जन्मदाखला धरतात. त्याबरोबर शाळेचा दाखला आणि मागच्या वर्षांची प्रगतीपुस्तकं भाषांतर करून ठेवा. आणि अंगणवाडीतलं किंवा आरोग्य केंद्रातलं लसीकरणाचं कार्ड शोधा. मार्च २०२० पासून इथे गोवराच्या दोन डोसांचा पुरावा दाखवावा लागतो, बालवाडीत त्याशिवाय घेतच नाहीत. कार्ड हरवलं असेल तर आरोग्य सेविकेकडच्या नोंदीवरून दुसरं करून, सही-शिक्का घेऊनच निघा.